सगळं पेट्रोल सारखंच!

हसायचं तर आत्ताच हसून घ्या, म्हणजे मला पुढचं नीट सांगता येईल. कारण त्या दिवशी खंडाळ्याच्या घाटात मी जो शहाणपणा केला, तो करायला माणूस विलायतेत पाच वर्षं शिकलेलाच लागतो. साध्या माणसाच्या हातून तो होणारच नाही!

मी नुकताच परतलो होतो आणि डोक्यात समता नुसती उकळत होती. पंगतीत कुणाला आधी वाढलं, तरी मी ताडकन उठून भाषण करायचो. लोकांनी मला जेवायला बोलावणंच बंद केलं होतं म्हणा ना!

पण भाषणांखेरीज एक खरं कामही मी अंगावर घेतलं होतं. कामशेतजवळच्या वडिवळ्यात मुलींची शाळा काढायची. खोली मिळाली, फळा मिळाला, मुलीसुद्धा मिळाल्या. मिळेना ती शिकवायला बाई. शेवटी खोपोलीच्या अंबूताईंनी, म्हणजे एका निवृत्त शिक्षिकेनं, मोठ्या मिनतवारीनंतर कळवलं, "नुसती बघायला येते. संध्याकाळी घरी आणून सोडायचं." बघून त्या नाही म्हणाल्या, तर शाळा सुरू व्हायच्या आधीच मिटणार होती.

त्यांना आणायला मी लोणावळ्याच्या डॉक्टरमामांची मोटार मागितली. मामा एवढंच म्हणाले, "तिला लाल, म्हणजे जास्त ताकदीचं महागडं पेट्रोलच लागतं. साधं घालू नकोस."

सकाळी पंपावर गेलो. पंपावरचे दगडूआबा लाल पेट्रोलाकडे वळले, आणि माझी समता उकळून वर आली!

"आबा, साधं भरा."

"न्हाई दादा, ह्या गाडीला लालच लागतंय. डाक्टरसायेब दुसरं घालू देत न्हाईत."

"अहो, पेट्रोलातसुद्धा उच्च-नीच? समता म्हणून काही आहे की नाही? हे सगळं कंपन्यांनी उठवलेलं थोतांड आहे! एकाच जमिनीतून आलेलं तेल, त्यात हे श्रेष्ठ आणि ते कनिष्ठ?"

"मला काय कळतंय त्यातलं," आबा टाकीत साधं पेट्रोल सोडत म्हणाले, "पन गाडीला कळतंय न्हवं!"

घाट उतरताना गाडी लोण्यासारखी गेली. उतारावर काय, दगडसुद्धा जातो! पण मला वाटलं, समता सिद्ध झाली. अंबूताईंना शेजारी बसवलं आणि चढ लागेपर्यंत हाच सिद्धान्त त्यांना ऐकवला.

चढ लागला आणि इंजिनातून आवाज सुरू झाला. टक्. टक्टक्. टकटकटकटक!

"अहो," अंबूताई म्हणाल्या, "आत कुणी कोंडलंय का? दार वाजवतंय."

"छे! इंजिन जोमात आलंय!" असं म्हणून मी आणखी जोर दिला. आता तर आत कुणीतरी मूठभर खिळे ठोकायला बसलं होतं. जितका मी पाय दाबावा, तितकी गाडी मंद. पुढच्या वळणावर रेडिएटरच्या टोपणातून वाफ उसळली आणि गाडी उभी राहिली. मागे घरंगळायला लागली तेव्हा अंबूताईंनी खाली उडी मारून चाकामागे धोंडा लावला. साठीची बाई! आणि तिथून पुढे मी 'अहो'चा 'अरे' झालो.

एवढ्यात डोक्यावर लाकडांच्या मोळ्या घेतलेल्या चार ठाकर बायका खालून आल्या.

"काय वो दादा, गाडी दमली व्हय?" पुढची मावशी म्हणाली. "आमी वझं घिऊन चढतोय, आन तुमास्नी बसून चढवंना?"

बाकीच्या अशा हसल्या की मोळ्या हलल्या. मग त्यांनी त्या मोळ्या खाली ठेवल्या, अंबूताईंनी पदर खोचला आणि पाचही जणी गाडीला भिडल्या. स्टिअरिंग धरायला कुणीतरी हवंच होतं. तेव्हा चित्र काय झालं बघा: समतेचा पुरस्कर्ता एकटा आत गादीवर, आणि समस्त स्त्रीवर्ग मागून ढकलतोय!

ढकलत, थांबत, पाणी ओतत लोणावळा गाठला. पंपावरून दगडूआबा ओरडले, "दादा, चढली का समता घाट?"

वडिवळ्यात मुली सकाळपासून वाट बघत बसल्या होत्या. अंबूताईंनी आत जाऊन दार लावून घेतलं. मी बाहेर उभा. आतून हसण्याचे आवाज येत होते, पण बाईंचा निर्णय काय, कोण जाणे! एवढा त्रास झाल्यावर त्या कशाला राहतील?

ऊन उतरलं तशा त्या बाहेर आल्या. मी अदबीनं गाडीचं दार उघडलं. "चला ताई, आता परतीचा घाट. सगळा उतारच आहे, काही त्रास नाही."

त्यांनी गाडीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"मुली हुशार आहेत," त्या म्हणाल्या. "तरी मी विचार करून कळवणार होते. पण तुझ्या गाडीत पुन्हा बसण्यापेक्षा जन्मभर इथं शिकवणं सोपं आहे. मी राहते."

मी आनंदानं उडीच मारली! "ताई, तुमचं सामान मी आत्ताच्या आत्ता खोपोलीहून गाडीतून घेऊन येतो!"

"तू हात लावू नकोस. ट्रंक बैलगाडीनं येऊ दे."

"अहो, पण बैलगाडीला दोन दिवस लागतील!"

"लागू देत," अंबूताई म्हणाल्या, "पोचेल तरी."