माझ्या गावाविरुद्ध खेळलो तेव्हा

महायुद्ध चालू होतं, साखर रेशनवर गेली होती आणि गोदावरीकाठची आमच्या भागातली साखर कंपनी हुतुतूचे संघ ताब्यात घेत सुटली होती. मॅनेजरसाहेब मोटारीतून गावात यायचे, संघाला हिरवी बनियनं वाटायचे, चांगल्या गड्यांना कारखान्यात चिकटवायचे, की संघ कंपनीचा झाला. आधी नदीपलीकडच्या गावाचा संघ गेला. मग मिशनच्या वस्तीतला. तिथल्या पाळकांनी रविवारी सामने नकोत एवढीच अट घातली आणि साहेबांनी ती आनंदानं मानली, कारण रविवारी ते स्वतः टेनिस खेळत. शेवटी आमचा नंबर लागला.

मी आमच्या संघाचा कप्तान. नदीपलीकडच्यांशी आमचं वैर फार जुनं. त्यांच्या गावात आम्ही मुली देत होतो, पण सामन्याच्या दिवशी जावयाशीही बोलत नव्हतो. त्यांच्याच रंगाचं बनियन अंगात घालणं मला जड गेलं. पण ते नवं होतं आणि माझं जुनं पाठीवर फाटलेलं.

पहिला हंगाम बरा गेला. दुसऱ्या हंगामात साहेबांनी आम्हाला ऑफिससमोर उभं केलं.

"एका खात्यातले खेळाडू एका संघात असले, की सराव सोयीचा होतो," ते म्हणाले. "तेव्हा गव्हाणीवरचे लोक नदीपलीकडच्या गावाच्या नावानं खेळतील, बॉयलरवाले तुमच्या गावाच्या नावानं."

गव्हाणीवर, म्हणजे गाडीतला ऊस चरकाकडे लोटायला, आम्ही सगळे होतो. मी म्हणालो, "साहेब, बॉयलरवर आमच्या गावचा एकबी मानूस न्हाई."

"पण नाव तर तुमच्याच गावाचं राहील ना?" साहेबांनी समजूत घातली. "नावाला आम्ही धक्का लावलेला नाही."

अंतिम सामना नेमका आम्हा गव्हाणीवाल्यांत आणि बॉयलरवाल्यांतच आला. आमचं गाव बैलगाड्या जुंपून कारखान्याच्या मैदानावर लोटलं. माझे चुलते, तात्या, पहिल्या रांगेत फेटा बांधून बसले होते. सामना सुरू होईपर्यंत लोक गोंधळलेले होते. कुणासाठी ओरडावं ते ठरेना. मग पंचानं आमच्या गावाचं नाव पुकारलं, बॉयलरवाले मैदानात आले आणि गावाचा प्रश्न मिटला.

मी चढाईला गेलो. दम घुमवत रेषेपलीकडे पाऊल टाकतो तोच तात्यांचा आवाज आला, "धरा रं त्याला! उजवा गुडघा धरा, दुखतोय त्याचा!"

गुडघ्याची गोष्ट घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हती. बॉयलरवाल्यांनी नेमका तोच धरला.

आम्ही हरलो. गुलाल उधळला गेला. मी लंगडत तात्यांपाशी गेलो. "तात्या, मी तुमचा पुतन्या हाय की!"

"व्हय रं," ते पेढा चघळत म्हणाले, "पन गाव ते गाव. तू कशापायी तिकडनं खेळतोस?"

वाजतगाजत मिरवणूक आमच्या गावाकडे निघाली. विजयी वीरांपैकी निम्मे खानदेशातले. एकानं मलाच विचारलं, "दादा, गाव अजून किती लांब हाय?" मी बोटानं वाट दाखवली.

घरी आईनं गुडघा शेकायला घेतला. "जिंकलास का हरलास?" तिनं विचारलं. मला रडू आलं आणि तिला वाटलं, गुडघाच दुखतोय.

पुढच्या हंगामात साहेबांनी हिशोब मांडला, की सगळे संघ कंपनीचेच असताना इतके कशाला पोसायचे? निवडक गड्यांचा एकच संघ राहिला. मी त्यात नव्हतो. त्या संघाशी खेळायला आता दुसरा संघच उरला नव्हता, म्हणून तो रोज संध्याकाळी मैदानाला फेऱ्या मारायचा.

वार्षिक समारंभ मात्र ठरल्याप्रमाणे झाला. "या वर्षी आपला संघ अपराजित आहे," असं म्हणून साहेबांनी स्वतःच्या हातानं स्वतःच्या संघाला चषक दिला. कामगारांना हजेरी सक्तीची होती. आम्ही टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारी नदीपलीकडचा त्यांचा जुना कप्तान बसला होता. आयुष्यात पहिल्यांदाच तो माझ्याशी बोलला. म्हणाला, "जुन्या सामन्यात तुमचं ते गडी पकडायचं लई भारी हुतं."

मी म्हणालो, "तुमचंबी."