लाल चिंधीची घागर

आमच्या घरी गाडी मी चालवतो, पण ती कुठं लावायची हे बायको ठरवते. बाजारात एखाद्या रिकाम्या जागेत कुणीतरी वीट, मोडकी खुर्ची नाहीतर पाण्याचा डबा ठेवून जागा धरलेली असते. ती म्हणते, "वीटच तर आहे, उतरा अन् सरकवा." मी गाडी पुढं घेतो. दोन गल्ल्या लांब गाडी लावून आम्ही चालत परत येतो आणि वाटेत भेटेल त्या नातेवाइकाला ती सांगते, "एवढी वर्षं खात्यात काढली, पण ह्यांना विटेची भीती वाटते." ती खोटं बोलत नाही. त्या भीतीमागं एक गुन्हा आहे. कलमाच्या मानानं तो लहानच होता, पण माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

नांदेड आणि लातूरच्या मधलं ते तालुक्याचं गाव. मी तिथल्या ठाण्याचा प्रभारी होतो. दुष्काळाचं वर्ष होतं. गावात त्या वर्षी बोलायला दोनच विषय होते, टँकर कधी येणार आणि जिल्हा कधी होणार. त्यातला टँकर निदान येत तरी होता.

जिल्हा जाहीर होण्याआधी गाव जिल्ह्यासारखं दिसलं पाहिजे असं नगरपालिकेच्या मनानं घेतलं आणि मेन रोडवर 'पे अँड पार्क' आलं. रस्त्याच्या कडेला पांढरे पट्टे मारले गेले. ठेका दिला गेला. पट्ट्यात गाडी लावायची तर पावती फाडायची. व्यापाऱ्यांनी बाजार बंद ठेवला, मी बंदोबस्त लावला. बंद इतका कडकडीत होता की माझ्या चहाचीसुद्धा सोय मागच्या दारानं करावी लागली.

पावत्या फाडायला ठेकेदारानं जो माणूस ठेवला तो मोंढ्यातला, म्हणजे धान्याच्या बाजारातला, हमाल. मोंढ्यात मालच येत नव्हता, त्यामुळे पोती वाहणारा हा धिप्पाड गडी पावतीपुस्तक धरून उन्हात उभा राहू लागला. सगळा बाजार त्याला मामा म्हणायचा. पट्टे आल्यापासून तोच बाजार त्याच्याशी बोलेनासा झाला.

आता घागरींचं सांगायला हवं. टँकर चौकात उभा राहायचा आणि घागरींची ओळ मेन रोडच्या कडेनं लागायची, म्हणजे नेमकी त्या पांढऱ्या पट्ट्यांतून. बाया पहाटे घागर ठेवून घरी कामाला जात आणि टँकर आला की येत. घागर ओळीत आहे म्हणजे ती बाईच उभी आहे असं तिथं मानत. कुणाच्या घागरीला लाल चिंधी, कुणाच्या काठाला दोरा, ही ओळख. दुसऱ्याच्या घागरीला हात लावणं म्हणजे त्या घराच्या चुलीला हात घालणं. आमच्या क्वार्टरच्या नळावरही हाच कायदा होता. एका शिपायानं साहेबांवरच्या प्रेमापोटी आमची कळशी पुढं नेऊन ठेवली, तेव्हा बायकोनं चार जणींसमोर त्याला झापलं आणि कळशी परत मागं नेली. त्या दिवशी साहेबांची अंघोळ तांब्याभर पाण्यात झाली.

मामालाही हा कायदा माहीत होता. तो घागरी सोडून उरलेल्या जागेत गाड्या लावायचा. ठेकेदाराला ते खपेना. एकदा सगळ्या ओळीच्या देखत तो मामावर ओरडला, "जागा अडून राहिल्या ना. उचल अन् फेक त्या घागरी." मामानं घागरींना हात लावला नाही. बायांनी मात्र ते ऐकून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी टँकर रिकामा होता होता चौकातून ठाण्यात फोन आला. मी पोचलो तेव्हा मामा पट्ट्यावर पडला होता. डोक्याला खोक आणि कानातून रक्त. टोपी गटारीत. पावतीपुस्तक हातातच होतं.

सरकारी दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "बोथट, गोलसर काहीतरी लागलंय. काठी नाही." मामा शुद्धीवर नव्हता. त्याला नांदेडला हलवलं. ठेकेदारानं फिर्याद दिली आणि संशयित म्हणून एका कापड दुकानदाराचं नाव घेतलं. हे व्यापाऱ्यांचे पुढारी, वय साठीपुढचं, कपाळावर भस्माचे पट्टे. गाव त्यांना अप्पा म्हणे. बंदच्या सभेत ते माइकवर बोलून गेले होते, "माझ्या पायरीम्होरं पावती फाडली, तर हात जागेवर ठेवणार न्हाई." ते मीही ऐकलं होतं. बंदोबस्ताला मीच होतो.

आम्ही पंचनामा केला आणि जबाब घ्यायला बसलो. व्यापारी सगळे आत होते. भर सकाळी एवढा मोठा बाजार आतच कसा बसला होता, हे मी विचारलं नाही. मग ओळीतल्या बायांना विचारलं.

"आम्ही पाण्याकडं बघून राहिलो होतो साहेब."

"आवाज तर आला असेल?"

"टँकरचा लई आवाज असतो."

"माणूस पडलेला दिसला नाही?"

"पाणी भरताना इकडंतिकडं बघितलं की सांडतं," एक म्हातारी म्हणाली. "तुमच्या घरी सायबीण भरतात का पाणी? इचारा त्यास्नी."

मी विचारलं नाही. उत्तर माहीत होतं. भर चौकात मार बसतो आणि कुणीच पाहत नाही, तेव्हा सगळ्यांनी पाहिलेलं असतं, हे मात्र मी नोकरीच्या पहिल्या वर्षीच शिकलो होतो.

तिसऱ्या दिवशी ठाण्यात एका बाईचा फोन आला. स्टँडजवळच्या टपरीवरून होता. ठाणे अंमलदारानं रिसिव्हर माझ्याकडे दिला.

"मामाला कुणी मारलं ते मागून बघा," ती म्हणाली. "घागर कुणी हलवली ते आधी बघा."

"कुठली घागर? कोण बोलतंय?"

"लाल चिंधीची," एवढं म्हणून तिनं फोन ठेवला.

मी दोन हवालदार दुकानोदुकानी पाठवले. प्रश्न एकच. त्या सकाळी लाल चिंधीची घागर ओळीतून कुणी हलवली? दुपार व्हायच्या आत अप्पा स्वतःच ठाण्यात हजर झाले. अंगावर धुतलेलं धोतर-सदरा, हातात पिशवी. पिशवीत टॉवेल, साबण आणि रक्तदाबाच्या गोळ्या. मागं अर्धा बाजार. फाटकाबाहेर कुणीतरी हारसुद्धा आणून ठेवला होता.

मी त्यांना माझ्या खोलीत बसवलं, पाणी दिलं. त्यांनी ग्लासाकडे बघितलं आणि तो बाजूला सरकवला.

"साहेब, मामाला म्या मारलं. लिहून घ्या."

"कशानं?"

"दुकानातल्या लोखंडी गजानं. कापड मोजायचा."

"कशावरून?"

"गिऱ्हाइकाच्या जीपची पावती फाडली. मी म्हणलं, हे घे बाबा पैसे, अन् जा. गल्ल्यातून काढून दिले. वर तोंड करून बोलला. डोकं फिरलं."

जबाब सरळ होता. माइकवरच्या धमकीशी जुळत होता. दोन अडचणी होत्या. एक, डॉक्टरांचं 'गोलसर'. दुसरी माझ्या सासुरवाडीची.

माझे सासरे किराणा दुकानदार. लग्नानंतर पहिल्यांदा राहायला गेलो, तेव्हा सकाळच्या गाडीसाठी मी त्यांच्याकडे सुट्टे मागितले. नवा जावई, त्यात फौजदार. सासऱ्यांनी हात जोडले. "जावईबापू, भोवनी व्हायचीय. पहिलं गिऱ्हाईक येऊन पैसे देऊन जाईपर्यंत गल्ल्यातून दमडी बाहेर जाणार न्हाई." मी म्हणालो, गाडी चुकेल. ते म्हणाले, दुसरी येईल. जावयासाठी न मोडलेला नियम त्या सबंध भागातला कोणताही व्यापारी कशासाठी मोडत नाही, हे मी तेव्हापासून धरून चाललो आहे.

मी लिहिता लिहिता, मान वर न करता विचारलं, "त्या दिवशी धंदा कसा काय होता अप्पा? भोवनी तरी झाली होती का?"

"कुठली साहेब," ते बोलून गेले. "धर्माबादहून बस्त्याची मंडळी आलती. लग्नाचं सगळं कापड माझ्याकडंच काढणार होती. रक्त बघून कापड अर्धंच टाकून उठून गेली."

मी पेन खाली ठेवलं. "मग मामाला पैसे कशातून दिले?"

बाहेरून त्यांच्या नावाच्या घोषणा ऐकू येत होत्या.

"कुणाला वाचवताय?" मी विचारलं.

"कुणाला न्हाई. स्वतःलाच."

मग त्यांनी सांगितलं. त्या मोसमातला तो पहिला बस्ता. जीप दारात आली, पण लावायला जागा नव्हती. पट्ट्यात घागरी होत्या. मामा दुसऱ्या टोकाला होता. समोरचा दुकानदार पायरीवर उभा राहून गिऱ्हाइकांना हात करत होता. अप्पा खाली उतरले, घागरी उचलून जीपच्या मागं पुन्हा ओळीत लावल्या. लाल चिंधीची एक तेवढी घरंगळत पायरीखाली गेली. घाईत ती त्यांनी ओळीच्या शेवटाला नेऊन ठेवली.

"तिचा नंबर येईस्तोवर टँकर सपला. तिला वाटलं, मामानंच फेकली. ठेकेदार आदल्या दिवशी तसं म्हणलाच होता. मामा सांगून राहिला, म्या न्हाई, बाई, म्या न्हाई. मी पायरीवर उभा होतो साहेब. एक शब्द बोलायचा होता. बोललो न्हाई. तिनं तीच घागर त्याच्या डोक्यात घातली."

"मग मारल्याचं अंगावर कशाला घेताय?"

त्यांनी खिडकीकडे बोट केलं. "पार्किंगवाल्याला मारलं म्हणून ते हार घेऊन उभे हायेत. दुष्काळात बाईची घागर हलवली म्हणल्यावर माझी पायरी कोण चढंल? मामाचं काही बरंवाईट झालं तर शिक्षा भोगावी म्हणून आलो. पण ही पायरीची नको. दुसरी कोणची बी द्या."

मी त्यांना खरी परिस्थिती सांगितली. पोलिसांसमोरचा कबुलीजबाब कोर्टात टिकत नाही. खोटा तर माझ्याच टेबलावर टिकला नव्हता. आणि घागर सरकवण्याला माझ्याकडे कलम नाही.

"मग मी काय करू?"

"तुम्ही काय करायचं ते मी सांगू शकत नाही. टँकर उद्या येणार आहे."

दुसऱ्या दिवशी मी साध्या कपड्यात चौकात गेलो. सोबत महिला पोलीस होती. टँकर आला, ओळ हलू लागली. अप्पा दुकानातून उतरून थेट टँकरपाशी गेले. सभेत माइकवर गरजणारा माणूस, त्या दिवशी त्यांचा आवाज तिसऱ्या घागरीपर्यंतही पोचेना. टँकरवाल्यानं पाणी बंद केलं, तेव्हा ऐकू आलं.

"लाल चिंधीची घागर म्या हलवली होती. मामानं न्हाई."

त्या म्हातारीनं अप्पांकडे बघितलं आणि पदरानं तोंड पुसलं. मग ओळीतून एक पन्नाशीची बाई पुढं आली. तिच्या कडेवर लाल चिंधीची पितळी घागर होती, पोटाला चेपलेली. ती अप्पांकडे न बघता नेमकी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. माझ्या साध्या वेशाचं एवढंच कौतुक.

"फोन म्याच केलता साहेब. लेक बाळंत झालीय घरात, अन् पाणी न्हाई. डोकं ठिकाणावर नव्हतं. पर मामा पडता पडता बी न्हाई म्हणत होता. ते कानातनं जाईना." थोडं थांबून ती म्हणाली, "येते मी. पाणी तेवढं घरी पोचवू द्या."

घागर गुन्ह्यातलं हत्यार म्हणून जप्त करायची होती. त्यामुळे तिच्या लेकीचं पाणी शेजारणीच्या घागरीतून गेलं. अप्पांचा हार आमच्या फाटकाला तसाच लटकून वाळला.

मामा त्याच आठवड्यात शुद्धीवर आला. जबाब घ्यायला मी नांदेडला गेलो. कुणी मारलं, असं विचारल्यावर तो म्हणाला, "ते राहू द्या. घागर म्या हलवली न्हाई, हे त्या बायांना कळलं का?"

"कळलं," मी म्हणालो.

तो माझ्याकडे बघतच राहिला. पुन्हा तेच विचारलं. तेव्हा नर्स म्हणाली, "साहेब, त्यांचा तो कान गेला." मी उठून खाटेच्या पलीकडे गेलो आणि पुन्हा सांगितलं. त्यानं डोळे मिटले.

दोषारोपपत्र गंभीर दुखापतीचं गेलं. पुढं मामानं कोर्टात तडजोडीचा अर्ज दिला आणि कोर्टाच्या परवानगीनं खटला मिटला. दवाखान्याचा खर्च अप्पांनी केला. त्यांच्या पायरीवर काही महिने खरोखरच शुकशुकाट होता. त्याबद्दल त्यांनी कधी तक्रार केली नाही. ठेका गुंडाळला गेला. पट्टे उन्हानं आणि टायरांनी पुसले. माझी बदली झाली तोवर जिल्हा काही आला नव्हता.

माणूस काय लपवतो हे शोधायला आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं. तो काय कबूल करायला तयार आहे तेही पाहावं, हे मला अप्पांनी शिकवलं. लोक पुष्कळदा मोठा गुन्हा पुढं करतात, कारण मागं एक लहानशी लाज उभी असते. आणि त्या लाजेचं मोजमाप प्रत्येक गावाचं वेगळं असतं. ते माहीत नसलेल्या अधिकाऱ्यानं कितीही कलमं पाठ केली तरी त्याला अर्धंच दिसतं.

बदलीच्या आधी मामाला मी एकदाच पाहिलं. चौकात टँकर यायचा होता. मामा घागर घेऊन आला आणि ओळीच्या शेवटी ठेवली. पुढच्या बायांनी पाहिलं. त्या म्हातारीनं जाऊन ती घागर उचलली आणि सगळ्यांत पुढं आणून ठेवायला निघाली.

मामानं चांगल्या कानाच्या बाजूनं मान वळवली आणि हात केला.

"हलवू नका, मावशी," तो म्हणाला. "होती तिथंच राहू द्या."