बाटलीतले फुगे

तलासरीच्या शाळेतल्या शिंदेबाई नसत्या, तर त्या सकाळी मी डहाणूच्या वॉर्डात डॉक्टर म्हणून उभाच नसतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीही झालं नव्हतं. मेडिकलच्या प्रवेशाला बाई स्वतः सोबत आल्या होत्या.

समोर होते वरोरचे जयवंतकाका, बोटीवरचे खलाशी. टीबीने खराब झालेला फुप्फुसाचा भाग सर्जनसाहेबांनी काढला होता, पण उरलेल्या फुप्फुसातून हवा गळत होती. ती छातीत साठली तर फुप्फुस दबतं. म्हणून बरगड्यांमधून नळी घालून तिचं टोक पाण्याच्या बाटलीत सोडतात. हवा गळते तोवर बाटलीत फुगे येतात. काकांचे फुगे थांबत नव्हते, आणि पुन्हा छाती उघडण्याएवढी ताकद त्यांच्यात उरली नव्हती.

त्या सकाळी मात्र फुगे बंद होते. मी सर्जनसाहेबांना फोन लावला.

"अरे वा! नळी काढ, संध्याकाळी घरी सोड."

"सर, पेशंटला धाप लागलीय."

"घाबरला असेल. काढ."

मी पुन्हा बाटलीकडे पाहिलं. गळती थांबली तरी नळीतलं पाणी श्वासाबरोबर थोडं वरखाली होतं. इथे ते ठप्प होतं. काकांची मान सुजली होती. दाबली तर कातडीखाली कुरकुर लागली. म्हणजे हवा कातडीखाली शिरली होती, तिला बाहेर पडायला वाटच नव्हती. मी चादर ओढली. नळी दुमडून जाळ्याच्या दोऱ्याने करकचून बांधलेली होती.

"सिस्टर, कात्री! नळीला लावू नका, फक्त दोरा!"

दोरा तुटला आणि बाटली खदखदली. काकांनी मोठा श्वास घेतला.

"कुणी केलं हे?"

"मी," काकांच्या पत्नी पार्वतीबाई म्हणाल्या. "फुगे बंद झाले की घरी, असं तुम्हीच बोलता ना रोज? हा माणूस घरी जायचं म्हणून रडतो."

"मी कुठे रडतो? तुलाच तुझ्या बोंबलांची काळजी," काका कसेबसे म्हणाले.

मी पुन्हा फोन केला. दोऱ्याचं ऐकून साहेब म्हणाले, "बरं झालं काढली नाहीस. आता?"

"व्हॉल्व्ह घालून बघू. मुंबईहून मागवतो."

"नाही जमलं तर उघडावं लागेल."

"माहीत आहे, सर."

व्हॉल्व्ह म्हणजे श्वासनळीच्या फाट्यात बसवायची इवलीशी छत्री. ती फुप्फुसातली हवा बाहेर सोडते, आत जाऊ देत नाही. हवा जाणं थांबलं की गळकी जागा भरून येते. पण ती कोणत्या फाट्यावर बसवायची, हे आधी शोधावं लागतं. व्हॉल्व्ह आल्यावर काकांना झोपेचं औषध देऊन तोंडातून दुर्बीण घातली. श्वासनळीचा एकेक फाटा छोट्या बलूनने बंद करत गेलो. जो बंद केल्यावर फुगे थांबतील, तोच गळका. कल्पना सिस्टर बाटलीवर नजर ठेवून होत्या.

"चालू... चालू..." काकांचा ऑक्सिजन उतरू लागला. "चालूच आहे, सर... बंद!"

"नळी कुणी धरली नाही ना?"

"दोन्ही हात वर करून उभी आहे, सर!"

त्या फाट्यावर व्हॉल्व्ह बसवला. आठवड्यानंतर मी बाईंना पत्र लिहिलं:

आदरणीय बाई,

सा. न. जयवंतकाका नळीशिवाय, स्वतःच्या पायांनी घरी गेले. छाती उघडावी लागली नाही. भोक पुरतं बुजलं की व्हॉल्व्हही दुर्बिणीनेच काढून घेईन. 'फुगे थांबले की घरी' असं मी आता पेशंटला सांगत नाही. 'फुगे थांबवायचं काम आमचं' एवढंच सांगतो.

तुमचा विद्यार्थी,
रमेश