अढीतला मुक्काम

"अहो, अंडी घालताय काय तिथे? उठा की आता."

बायको स्वयंपाकघरातून ओरडत होती आणि मी अढीच्या खोलीत होतो. जमिनीवर पेंढा, पेंढ्यावर पिकत घातलेला हापूस आणि हापूसच्या मधोमध उकिडवा मी. खाली बसलो होतो खरा, पण वर यायचा रस्ता बंद झाला होता.

"फळं बघतोय," मी म्हणालो.

खरं तर तासभर मी एकच फळ बघत होतो, कारण दुसऱ्यापर्यंत हात पोचत नव्हता. मी बसलो तेव्हा ते हिरवं होतं. बायकोने येऊन काखेत हात घालून मला उपसलं, तेव्हा ते खायला झालं होतं.

सुरुवात हंगामाच्या आरंभीच झाली होती. आंबा काढायचा झेला, म्हणजे लांब काठीच्या टोकाला जाळी, मला जड वाटायला लागला. आम्ही बागायतदार माणसं. दोष अर्थातच काठीला दिला. तीन बांबू बदलले. बांबूवाल्याला तोंडावर सांगितलं, की यंदा तुझ्या बांबूत शिसं भरलंय. मग कंगवाही जड झाला, केसांपर्यंत पोचेना, तेव्हा बायकोने बांबूला निर्दोष सोडलं आणि मला डॉक्टरांकडे नेलं.

"हात न टेकता खुर्चीतून उठा," डॉक्टर म्हणाले. मी असा जोर लावला की दवाखान्याच्या खिडक्या वाजल्या, पण खुर्चीने मला सोडलं नाही. पुढे रक्त तपासलं, कोल्हापूरला जाऊन दंडात सुया टोचून घेतल्या, मांडीतला इवलासा तुकडा काढून दिला. गावात मी तो पावशेर सांगतो.

"हे म्हातारपण नाही," तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "स्नायूंना सूज आलीय. शरीराचे राखणदार आपल्याच स्नायूंवर उठलेत."

मला लगेच समजलं. माकडांसाठी बागेत पाळलेला आमचा कुत्रा आजवर फक्त मला चावलाय.

"गोळ्यांनी सूज उतरेल, पण सावकाश. आणि गोळी कमी करायची ती मी सांगेन तेव्हाच."

मला एवढंच हवं होतं, की पुढच्या हंगामात अढीतून आपलं आपण उठायचं. अढी लावणं, फळं उलटणं हे वडिलांनंतर माझं काम. कुठला आंबा आज खायचा आणि कुठला परवा, हे या घरात माझ्याच बोटांना कळतं, असं माझं मत आहे. बायकोचं वेगळं आहे.

व्यायाम शिकवायला एक मुलगी घरी यायची. "काका, किती उंचीवरून उठता येतं?" तिने विचारलं. आंब्याचे चार क्रेट एकावर एक ठेवले, तेवढं जमलं. "मग रोज इथूनच उठबस. दमलात की थांबायचं. जमायला लागलं की एक क्रेट काढू."

गोळ्यांनी तोंड कलिंगडाएवढं झालं आणि भूक अशी, की मी मिरकरवाड्याच्या मासळी बंदरावर दिसलो तर लिलाव आटपता घेतील. बायकोने मीठ तोडलं, गोड तोडलं, लोणच्याची बरणी माझा हात पोचणार नाही इतक्या वर ठेवली. आजाराचा असा फायदा घेणारी दुसरी बाई मी पाहिली नाही.

दोन क्रेटवर आलो आणि मी स्वतःला पैलवान समजायला लागलो. कुणाला न सांगता गोळ्या बंद केल्या. रोजची गोळी परसातल्या रातांब्याच्या मुळाशी जायची. थोड्याच दिवसांत रातांबा जागचा हलेना आणि मीही. चार क्रेटसुद्धा पुरेनात. डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत, म्हणून जास्त घाबरलो. "हे औषध एकदम तोडलं तर जिवावर बेततं," एवढंच म्हणाल्या. तेव्हापासून गोळ्यांची डबी बायकोकडे. गोळी गिळल्यावर ती जीभ बाहेर काढून दाखवायला लावते.

परत चार, परत तीन. पावसाळा गेला, थंडी गेली, मोहोर आला, फळ धरलं. अढी लागली तेव्हा मी एका क्रेटवर होतो. जमीन राहिली होती. म्हणून गुपचूप अढीच्या खोलीत वाशाला सुंभाचा दोर टांगला.

"हा कशाला?" बायकोने विचारलं.

"केळीचा घड टांगायला."

"घड कुठाय?"

"येईल."

तिने दोर सोडला, परसात नेऊन बांधला आणि त्यावर माझेच लेंगे वाळत घातले. मग दारात हाताची घडी घालून उभी राहिली.

मी पेंढ्यात बसलो. आंबे उलटले, एक निवडून हातात घेतला. एक गुडघा टेकला, दुसरा पाय पुढे घेतला, मोकळा हात मांडीवर रोवला. मांड्या थरथरत होत्या, छपराची कौलंही थरथरली असावीत. आणि मी उभा होतो.

"बघितलंस?" मी म्हणालो. "अख्ख्या जिल्ह्यात असा कुणी उठला नसेल. पूर्णगडापर्यंत हादरा बसला असणार."

"बघितलं," ती म्हणाली. "जेवण झालंय ना? मग गोळी घ्या."