अर्धी गोळी

लातूरला मुलीच्या बाळंतपणासाठी गेले होते. पंधरा दिवसांच्या नातीला मांडीवर घेऊन तेल लावत होते, तेवढ्यात सुधाकरचा, माझ्या धाकट्या भावाचा, नांदेडहून फोन आला. "अक्का, नवाब गेला गं." मग म्हणाला, "वय झालतं त्याचं." मी फोन ठेवून दिला. त्याला आता दीड महिना झाला. नवाब गेल्याचं दुःख आहेच, पण खरं सांगायचं तर दुःखापेक्षा संताप जास्त आहे... आणि तो त्या तीन शब्दांचा आहे.

नवाब म्हणजे आमचा कुत्रा. गावठी, बदामी रंगाचा. माझ्या मिस्टरांनी तेरा वर्षांपूर्वी अर्धापूरहून केळीच्या क्रेटमध्ये घालून आणलेला. दारात कुणीही आलं तरी हा आधी बसल्या जागेवरून नीट बघून घ्यायचा, मग सवडीनं उठायचा. म्हणून नवाब. मांजर दिसली की मात्र कंपाउंडची भिंत एका उडीत पार. मिस्टर गेले, मुलगी लग्न होऊन लातूरला गेली, मी शाळेतून निवृत्त झाले आणि घरात आम्ही दोघंच उरलो. अकराव्या वर्षी त्यानं माझ्यामागे गच्चीवर यायचं सोडलं. खालच्या पायरीशी उभा राहून वर बघत राहायचा. सकाळी उठताना मागचे पाय थरथरायचे. शेजारी म्हणाले, वयाचं आहे. सुधाकर म्हणाला, वयाचं आहे. आणि मीही वर्षभर तेच म्हणत राहिले, हे लिहायला हवं. एकदा त्यानं व्हरांड्यातच लघवी केली, तेव्हा मी पेपरची गुंडाळी करून त्याच्या पाठीवर मारली. तो हलला नाही, ओरडला नाही, नुसतं तोंड फिरवलं. त्याला अंगणापर्यंत जाता येत नव्हतं, एवढी साधी गोष्ट छत्तीस वर्षं पोरं सांभाळलेल्या बाईला कळली नाही.

शेवटी त्याला नेलं ते पायासाठी नाही, गोचिडांसाठी. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी सहज कमरेवर हात फिरवला, मागचा पाय हळूच ताणून पाहिला. नवाबानं मान वळवून त्यांचा हात चाटला. मी म्हणाले, "बघा, त्याला काही दुखत नाही." त्या म्हणाल्या, "मॅडम, फार दुखतंय. तो मला थांबा म्हणतोय." संधिवात होता. दोन्ही खुब्यांत. रक्त तपासून त्यांनी कुत्र्यांसाठीची वेदनाशामक गोळी सुरू केली. रोज एक, पोट भरल्यावरच. वजन उतरवायला सांगितलं, थोडं थोडं चालवायला सांगितलं. आणि बजावलं की माणसांची कुठलीच गोळी द्यायची नाही, कुत्र्याच्या पोटाला आणि किडनीला ती सोसत नाही. दहा दिवसांनी मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. मागे नखांचा आवाज आला. नवाब! धापा टाकत, पण आपल्या पायांनी वर आलेला. मी तिथंच खाली बसले आणि रडले. त्यानंतरचं सव्वा वर्ष त्यानं सुखात काढलं. भिंत काही पुन्हा ओलांडली नाही, पण भिंतीपलीकडच्या मांजरीवर भुंकायला लागला.

लातूरला आठच दिवस राहायचं होतं. सुधाकर नांदेडला माझ्या घरी येऊन राहिला. आठ दिवसांच्या गोळ्या मोजून ठेवल्या, त्याला दोनदा समजावून सांगितलं. पण बाळाला कावीळ निघाली, तिला दवाखान्यात दिव्याखाली ठेवलं आणि मुक्काम लांबला. तेव्हाच सुधाकरचे दोन फोन आले होते. मी दोन्ही कट केले. नंतर करू म्हटलं... आणि विसरले.

तो गेल्याचं कळल्यावर मिळेल त्या एसटीनं निघाले. चाकूरला गाडी थांबली तेव्हा राहवलं नाही, सुधाकरला फोन लावला. "झालं काय ते नीट सांग." तो म्हणाला, "गोळ्या संपल्या गं. त्याला उठताच येईना. लई कण्हत होता. बघवना मला. म्हणून माझ्या गुडघ्याची गोळी दिली. अर्धीच दिली गं, सकाळ-संध्याकाळ. चार दिवस." मग उलट्या झाल्या, शी काळी झाली, नवाबानं पाणी पिणंही सोडलं. दवाखान्यात का नेलं नाहीस, विचारलं. "मला वाटलं, वयाचंच हाय." भरल्या एसटीत मी ओरडले. काय काय बोलले, आठवत नाही. शेजारच्या बाईनं माझ्या हातातला फोन काढून घेतला, एवढं आठवतं.

घरी पोचले तर सुधाकर पायरीवर बसलेला. त्यानं अंगणातच नवाबाला पुरलं होतं. "दोन वर्षं तू वयाचं वयाचं म्हणालास," मी म्हणाले. तो म्हणाला, "हाव, म्हणालो. पण या वेळी दिसलं ना मला त्याचं दुखणं. म्हणूनच दिली." कण्हणं ऐकून ज्यानं अर्धी गोळी मोडली, तोच उलट्या बघूनही वयाचंच म्हणत बसला. त्याच्यावर चिडायचं तर त्याचे फोन मी कट केले होते. आमच्याकडे म्हातारं माणूस असो की जनावर, त्याचं दुखणं वयाच्या खात्यात टाकून आपण मोकळे होतो. मला कुणी म्हणालं की तेरा वर्षं म्हणजे भरपूर जगला, तर मी आता सरळ सांगते, वयानं नाही गेला. आम्ही घालवला.

फरशीवर पाय घसरू नयेत म्हणून मी त्याच्यासाठी स्वयंपाकघरापासून अंगणाच्या दारापर्यंत जुन्या सतरंज्यांच्या पट्ट्या अंथरल्या होत्या. परवा सुधाकर आला, पायात अडकतात म्हणून एक पट्टी गुंडाळायला लागला. "राहू दे!" मी ओरडले. त्यानं ती पुन्हा अंथरली, गुडघे धरून, कोपरे सरळ करून. मग भिंतीचा आधार घेत उठला आणि पट्टीवर पाय न देता, कडेकडेच्या गुळगुळीत फरशीवरून, हळूहळू अंगणात गेला.