पाहुणे घरात, केरा अंगणात

नेव्याना बल्गेरियातल्या बुर्गास बंदरात सून म्हणून आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. लग्नाला महिना झाला नव्हता तोच सासूनं तिच्या हातात गादीचं एक टोक दिलं आणि म्हणाली, "धर नीट. वीस जूनपासून दहा सप्टेंबरपर्यंत हे घर आपलं नाही."

सासूचं नाव केरा. नवरा तरुणपणीच गेला. एकुलता एक मुलगा दिमो तिनं समुद्राकाठच्या बागेत झाडू मारून आणि उन्हाळ्यात घर भाड्यानं देऊन वाढवला. घर म्हणजे एक मोठी खोली, दारातून आत शिरल्यावरचा अरुंद बोळ आणि न्हाणीघर. अंगणात द्राक्षाचा मांडव आणि मांडवाच्या टोकाला उन्हाळी स्वयंपाकघर. भिंती एका विटेच्या, वर पत्रा, खाली सिमेंट. उन्हाळा लागला की पाहुणे खोलीत आणि घरची माणसं त्या अंगणातल्या खोपटात. सगळ्या गल्लीचाच तो रिवाज होता, कुणाला त्यात काही वावगं वाटत नसे.

हिवाळ्यात मात्र सगळी त्या एकाच खोलीत. मधे कपाट. कपाटाच्या अलीकडे शेगडीजवळ केरा, पलीकडे दिमो आणि नेव्याना. दिमो मासेमारीच्या मोठ्या जहाजावर, सहा-सहा महिने अटलांटिकात. म्हणजे वर्षातला निम्मा काळ कपाटाच्या दोन बाजूंना या दोघीच. केरा वाईट नव्हती, पण तिला गप्प बसवत नसे. "नेव्याना, सूपमध्ये मीठ घातलंस का?" "नेव्याना, खिडकी लावलीस?" "झोपलीस का गं?" झोपलीस का असं विचारून तिनं अकरा वर्षांत सुनेला किती वेळा जागं केलं असेल, त्याला गणती नाही. मूल झालं नाही, त्याबद्दल मात्र ती एका शब्दानं कधी बोलली नव्हती. नेव्याना ते जाणून होती, म्हणून तिला धड चिडताही येत नसे.

लग्नाला अकरा वर्षं झाली त्या वर्षी जूनमध्ये गाद्या हलवताना केरा म्हणाली, "तू पहाटे पाचला कारखान्यात जाणार, तुझं ते घड्याळ माझ्या डोक्यात खणखणतं. तुझी खाट बोळातच टाक. पाहुणे काही म्हणणार नाहीत."

नेव्याना मासे डब्यात भरायच्या कारखान्यात कामाला होती. तिनं खाट बोळात टाकली. पहिल्या रात्री ती अशी झोपली, की सकाळी घड्याळाला दोनदा वाजावं लागलं.

मग जुलै लागला आणि पाऊस सुरू झाला. एरवी जुलैत पाऊस म्हणजे दुपारची एखादी सर, अंगण धुऊन जाणारी, तासाभरात फरशी पुन्हा तापलेली. हा पाऊस तसा नव्हता. ईशान्येकडून वारा सुटला तो सुटलाच. समुद्र मातकट झाला. किनाऱ्यावरच्या छत्र्या मिटलेल्याच राहिल्या, आइस्क्रीमवाल्यानं गाडीवर ताडपत्री बांधली आणि स्वतः कोट चढवून समोरच्या कॅफेत कॉफी पीत बसला. टोमॅटो हिरवेच राहिले. आलुबुखार झाडावरच फुटले. बायकांनी कपाटात टाकलेले लोकरीचे स्वेटर परत बाहेर काढले आणि डांबराच्या गोळ्यांचा वास अंगावर घेऊन बाजारात फिरू लागल्या.

अशा पावसात स्लावचो आणि लोझांका हे जोडपं पेर्निकहून भाड्यानं राहायला आलं. तो कोळशाच्या खाणीत कामाला, डॉक्टरांनी छातीसाठी समुद्राची हवा सांगितलेली. वीस दिवसांची रजा, वर्षातली एकच. लोझांकाच्या डोक्यावर उन्हाळी गवती टोपी होती आणि तिच्या कडेनं पाणी गळत होतं.

"नेव्यानाताई, तुमचा समुद्र तर स्टेशनवरच घ्यायला आला होता की!" ती हसत म्हणाली.

"दोन दिवसांत उघडेल," नेव्याना म्हणाली. "उघडतोच."

उघडला नाही. स्लावचो आणि लोझांका खोलीत बसून सोंगट्या खेळू लागले. फासे पडायचा आवाज, तिचं हसणं, त्याचं खोकणं, सगळं बोळात ऐकू येई. चौथ्या दिवशी लोझांका पांघरूण लपेटून दाराशी आली आणि चाचरत म्हणाली, "ताई, शेगडी पेटवता येईल का हो? यांची छाती धरलीय."

जुलैत शेगडी! पण लाकडं होती. ती शेडमधून कुणी आणली? केरानं. सत्तर वर्षांची बाई, डोक्यावर प्लास्टिकची पिशवी बांधून, ओल्या अंगणातून दोन खेपा घालून तिनं लाकडं आणली आणि खोलीच्या उंबऱ्याबाहेर ठेवली.

"आजी, या ना आत, ऊब घ्या," लोझांका म्हणाली.

"मला कशाला ऊब? माझ्या भिंती मला ओळखतात," केरा म्हणाली आणि पिशवी सावरत परत गेली.

नेव्याना बोळात उभी राहून हे ऐकत होती. तिच्या मनात आलं, आता आपण म्हणावं, आई, तुम्ही बोळातल्या खाटेवर झोपा, मी जाते तिकडे. शब्द अगदी जिभेवर आले होते. पण मग तिला रात्र आठवली, बोळातली, कुणी हाक न मारणारी. तिनं स्वतःला सांगितलं, त्यांना माझ्या घड्याळाचा त्रास होतो. त्या स्वतःच म्हणाल्या. आणि ती पातेलं घासायला गेली.

आठव्या दिवशी केराला खोकला सुरू झाला. नेव्यानानं लिंडनच्या फुलांचा काढा केला, त्यात मध घातला. वीट गरम करून फडक्यात गुंडाळली आणि म्हातारीच्या पायाशी ठेवली. भिंतीला हात लावला तर हात ओला झाला. दाराखालून पाण्याची बारीक रेघ आत येत होती, ती तिनं गोणपाटानं अडवली. जे जे करता येईल ते तिनं सगळं केलं. एक सोडून.

शेजारच्या झेचका काकूनं कुंपणावरून विचारलंच. "काय गं, पेर्निकचे घरात गरम आणि आपली केरा अंगणात गार, असं चाललंय होय?"

"तुमच्या घरी तुम्ही कुठे झोपता, काकू?" नेव्याना फटकन म्हणाली.

"अगं, माझे पाहुणे आलेच नाहीत. तार आली. मी झोपते माझ्या पलंगावर."

"मग झोपा की."

बोलून झालं आणि तिचे कान तापले. त्याच दुपारी तिनं ठरवलं, आज पाहुण्यांशी बोलायचं. सांगायचं, खोली मोठी आहे, कपाटामागे म्हातारीची खाट टाकू द्या, वाटल्यास दिवसांचे पैसे कमी द्या. मोकळ्या हातानं कसं जायचं, म्हणून तिनं बानित्सा, चीज भरलेली पापुद्र्यांची पोळी, भाजली आणि गरम ताट घेऊन दार वाजवलं.

स्लावचोनं ताट बघून कपाळाला हात लावला. "ताई, अहो किती करता! आमच्या घरच्यांनी आमचं इतकं कधी केलं नाही. ही कालच म्हणत होती, पाऊस पडला तर पडू दे, पण माणसं भेटली."

लोझांकाचे डोळे भरून आले होते. खोलीत छान ऊब होती. नेव्यानाला वाटलं, आता बोलले तर बानित्सा लाच दिल्यासारखी होईल. "गरम आहे तोवर खा," एवढंच ती म्हणाली आणि बाहेर आली. दोन तुकडे तिनं केरासाठी काढून ठेवले होते. केरानं अर्धा खाल्ला.

"चीज जास्त झालं," केरा म्हणाली.

"तुम्हाला नेहमी काहीतरी जास्तच होतं," नेव्याना म्हणाली आणि दार जरा जोरात लागलं.

तीन दिवसांनी ती दुपारी कामावरून आली. सकाळपासून नुसता ओतत होता. अंगणात टाचेपर्यंत पाणी आणि खोपटाचं दार उघडं. आत गोणपाट तरंगत होतं. केरा खाटेवर बसली होती, पाय लाकडी खोक्यावर, अंगात कोट, गालांवर लाल चट्टे. तिनं नेव्यानाकडे पाहिलं आणि म्हणाली, "स्ताना, कोंबड्या आत घेतल्यास का?" स्ताना तिची बहीण. ती जाऊन तीस वर्षं झाली होती.

नेव्याना ओरडली. काय ओरडली ते तिला नंतर आठवेना. स्लावचो बनियनवरच धावत आला, पाण्यातून गेला आणि म्हातारीला मुलासारखं उचलून घरात घेऊन आला. त्यानं तिला त्यांच्या, म्हणजे तिच्याच, पलंगावर निजवलं. लोझांकानं तिचे ओले मोजे काढले आणि तळपाय स्वतःच्या मांडीवर घेऊन चोळू लागली. झेचका काकू फोन करायला कोपऱ्यावरच्या दुकानाकडे पळाली. अँब्युलन्स आली. दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया, डॉक्टर म्हणाले, वय बघता काही सांगता येत नाही.

संध्याकाळी नेव्याना हॉस्पिटलमधून परत आली तेव्हा पाहुण्यांच्या बॅगा बांधलेल्या होत्या. लोझांका बोळातल्या खाटेवर बसून रडत होती.

"ताई, तुम्ही बोलला का नाहीत?"

"काय बोलणार होते मी? तुमची वर्षाची एकच रजा."

"अहो, कसली रजा!" लोझांका डोळे पुसत म्हणाली. "आम्ही पाचव्या दिवशीच निघणार होतो. हे स्टेशनवर जाऊन गाडीची वेळसुद्धा बघून आले होते. पण तुम्ही शेगडी पेटवलीत, आजींनी लाकडं आणून दिली, रोज काहीतरी गरम करून आणत होतात. आम्हाला वाटलं, आता निघालो तर तुमचं मन दुखेल. म्हणून राहिलो. आम्ही काय खुशीनं सोंगट्या खेळत होतो?"

नेव्याना भिंतीला टेकली.

"आणि आजी पावसात, हे आम्ही रोज बघत होतो," लोझांका हळूच म्हणाली. "मला वाटायचं, यांच्यात असंच असेल. मीही बोलले नाही."

सकाळच्या गाडीनं ते गेले. वीस दिवसांचे पैसे स्लावचोनं टेबलावर ठेवले होते. नेव्यानानं स्टेशनवर जाऊन ते त्याच्या खिशात कोंबले.

केरा वाचली. तीन आठवडे हॉस्पिटलमध्ये होती. ऑगस्टच्या मध्यावर ऊन पडलं आणि लोक उघड्या अंगानं किनाऱ्यावर धावले, त्याच आठवड्यात नेव्यानानं तिला टॅक्सीनं घरी आणलं. मोठ्या खोलीत, शेगडीजवळच्या पलंगावर. केरा अर्धी झाली होती. न्हाणीघरापर्यंत जायलाही तिला मधे दोनदा थांबावं लागे.

"पाहुणे कुठायत?" तिनं विचारलं.

"नाहीत. यंदा कुणाला ठेवायचं नाही."

"वेडी आहेस. आत्ता तर ऊन पडलंय."

नेव्याना पलंगाच्या कडेला बसली. हॉस्पिटलच्या बाकावर तीन आठवडे तिनं हे बोलणं मनात घोळवलं होतं. "आई, मी तुम्हाला आत आणायला हवं होतं. मला दिसत होतं. पण..." ती थांबली. नंतरचं बोलणं फार कठीण होतं. "पण मला बोळात बरं वाटत होतं. एकटीला. तुमचा आवाज नव्हता म्हणून."

केरानं पांघरूण छातीपर्यंत ओढून घेतलं.

"ते मला कळलं होतं," ती म्हणाली. "सकाळी कामावर निघताना तुझा चेहरा मोकळा दिसायचा. मला वाटलं, असू दे. चार दिवस झोपेल पोर."

"मग तुम्ही का नाही म्हणालात, मला आत घे म्हणून?"

"मी? मी कशी म्हणू? नियम माझाच." तिनं श्वास घेतला. "तू विचारलं असतंस, तर मी नाहीच म्हणाले असते. हट्टी आहे मी. पण विचारायचं होतंस, नेव्याना."

नेव्याना उठली आणि सूप गरम करायला गेली. ते ढवळताना तिनं आतून हाक येईल म्हणून वाट पाहिली, मिठाबद्दल. हाक आली नाही. केराला आता तेवढा दम राहिला नव्हता.

दिमो ऑक्टोबरमध्ये परतला. नेव्यानानं त्याला पाऊस सांगितला, पाहुणे सांगितले, तरंगतं गोणपाट सांगितलं. बोळातल्या झोपेचं सांगितलं नाही. "तुझी काय चूक? आई कुणाचं ऐकते का?" तो म्हणाला. त्याचा मायेचा हात पाठीवर पडला तेव्हा तिला तो झटकून टाकावासा वाटला.

केरा त्यानंतर दोन हिवाळे जगली. नेव्यानानं कपाट हलवून भिंतीशी लावलं, म्हणजे दोन्ही पलंग एकमेकांना दिसतील. कारखान्यात तिनं दुपारची पाळी मागून घेतली. रात्री दोनदा उठून ती म्हातारीच्या तोंडाजवळ कान नेई. कधी केरा जागीच असे आणि कुजबुजे, "झोप गं. काय पोलीस झालीस माझ्यावर?" घर पुन्हा कधी भाड्यानं दिलं नाही. केरा त्याबद्दल शेवटपर्यंत कुरकुरत राहिली. झेचका काकूला बोलावून सांगायची, "सूनबाई साहेबीण झालीय. पाहुणे नको म्हणते!"

ती फेब्रुवारीत गेली, झोपेतच. चाळिसाव्या दिवशी रिवाजाप्रमाणे थडग्यावर मेणबत्त्या लावून झाल्या. नेव्याना उकडलेले गोड गहू कागदी कपांतून वाटत होती. झेचका काकूनं आपला कप घेतला आणि तिच्या दंडावर हात ठेवला.

"मुलीनं केलं नसतं इतकं केलंस तू तिचं. सगळी गल्ली म्हणते."

"नाही हो, काकू," नेव्याना म्हणाली. "त्या जुलैत ती गारठली होती. मला माहीत होतं."

काकूनं चमचाभर गहू तोंडात टाकले, चावले. "त्या जुलैत सगळेच गारठलो होतो, बाई," ती म्हणाली आणि पुढच्या माणसाला जागा करून देत बाजूला सरकली.

नेव्यानानं पुढचा कप भरला.