खजिन्याचा राखणदार

क्रांती चौकाजवळ मोबाइल दुरुस्त करणारा एक जण टपरी टाकून बसतो. नाव मी कधी विचारलं नाही. नवी काच बसवली की टच सगळीकडे चालतो का हे बघायला तो गिऱ्हाइकाच्या फोनवर राक्षसांच्या किल्ल्यातला खजिना मिळवायचा एक गेम टाकतो, आणि किल्ल्याचा एक तरी दरवाजा जिंकल्याशिवाय फोन परत देत नाही.

या गेमवर सिनेमा निघणार याची त्याला खात्री आहे. नट तो टपरीवर येणाऱ्यांतूनच निवडतो. परवा मी काच बदलायला गेलो होतो. या वर्षातली तिसरी, आणि घरी सांगितलेलं नव्हतं. तिथे पाचोडच्या एक मावशी फोनचा आवाज येत नाही म्हणून जोरजोरात भांडत होत्या. त्याने डोळ्यावरचं भिंग वर सरकवलं.

"मावशी, राक्षसांची राणी तुम्हीच. लई दिवस शोधत होतो."

"शेवटी मरायचंय का मला?"

"नाय. हिरो तुमची माफी मागतो."

"मग चालतंय," म्हणत त्या स्टुलावर ऐसपैस बसल्या.

मी पोट आत घेऊन विचारलं, "आणि मी?"

भिंग लावून त्याने मला न्याहाळलं. "साहेब, तुम्ही खजिन्याचे राखणदार. तोंडातून शब्द काढत नाय, पण हिरोला तुमच्या चेहऱ्यावरूनच समदं कळतंय."

घरापर्यंत मी कोरा चेहरा ठेवायचा सराव केला. बायकोने दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि हसत सुटली.

"पुन्हा फोन पाडलात ना?"